हप्ता चुकला तरी डिलिंक्वन्सी, पोरगं वाट चुकलं तरी डिलिंक्वन्सी

प्रश्न थोडक्यात असा आहे, की कर्जाच्या खात्याबद्दल एक मेल आला, त्यात 'युअर अकाउंट इज इन डिलिंक्वन्सी' असं लिहिलंय, डिक्शनरी उघडली तर पहिलाच अर्थ निघाला 'बालगुन्हेगारी', आणि विचारणाऱ्याचं वय आहे ४१. तर हा शब्द नक्की आहे काय आणि रोजच्या वापरात त्याचा अर्थ कसा धरायचा.

वाचून हसू आलं, पण तुमच्यावर नाही, माझ्यावरच. मी गेली बावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करतेय, जास्त करून कोर्टाची आणि कर्जाची कागदपत्रं, आणि अगदी सुरुवातीला मी हीच चूक केलेली, तीही छापील. एका वसुलीच्या नोटिशीचा नमुना मराठीत करायला आला होता, त्यात 'डिलिंक्वन्ट अकाउंट होल्डर' असं होतं, मी हातातल्या डिक्शनरीवर विश्वास ठेवून बिनधास्त 'गुन्हेगार खातेदार' लिहून मोकळी झाले. तपासणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी लाल पेनाने त्या दोन शब्दांना गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "बाई, एक हप्ता राहिला तर बेड्या घालायच्या का?" तो कागद माझ्याकडे अजून आहे.

तर आधी शब्दाचं मूळ बघू, कारण ते एकदा कळलं की पुढचे सगळे अर्थ आपोआप जागेवर बसतात. लॅटिनमध्ये 'लिंक्वेरे' म्हणजे सोडणं, मागे ठेवणं. त्याला पुढे 'डे' लागून झालं 'डेलिंक्वेरे', म्हणजे कमी पडणं, जे करायला हवं होतं ते राहून जाणं, आणि मग ओघाने चूक करणं, अपराध करणं. इंग्रजीतले रिलिंक्विश, रेलिक, डेरेलिक्ट हे सगळे याच घरातले, सगळ्यांत काहीतरी सोडून दिलेलं किंवा मागे उरलेलं आहे. कोर्टाच्या बातम्यांत 'कॉर्पस डेलिक्टाय' (गुन्हा घडलाच याचा पुरावा) दिसतं तेही यातलंच. आणि मजा म्हणजे रोमन कायद्यात 'डेलिक्टम' म्हणजे मुख्यतः एका माणसाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, ज्याची भरपाई द्यायची. स्कॉटलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात 'डेलिक्ट' आजही त्याच अर्थाने चालतो, म्हणजे फौजदारी नाही, दिवाणी. थोडक्यात, या शब्दात गुन्ह्याची छटा आहे पण शब्दाचा गाभा गुन्हा हा नाहीये, गाभा आहे 'राहून गेलं'.

आता मराठीत बघा, आपल्याकडे हे काम करणारा शब्द तयारच आहे, आणि तो म्हणजे चुकणं. हप्ता चुकला, शाळा चुकवली, गाडी चुकली, पोरगं वाट चुकलं, कामात चुकला. पैसे, मूल, नोकरी, तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद, आणि इंग्रजीतही तिन्ही ठिकाणी एकच डिलिंक्वन्सी. मला हे लक्षात यायला सात-आठ वर्षं लागली आणि तेव्हापासून हा शब्द आला की मी आधी स्वतःला विचारते, कुणाचं, काय चुकलं? उत्तर मिळालं की मराठी शब्द समोर येतो. (याच चुकण्याचा भाऊ 'चुकतं करणं', म्हणजे देणं फेडून टाकणं, अगदी उलटा अर्थ. 'कर्ज चुकवलं' म्हटलं की फेडलं की बुडवलं हे वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून कागदपत्रात हे क्रियापद मी पैशाच्या बाबतीत टाळते. बोलताना खुशाल वापरा.)

दुसरा शब्द 'कसूर'. हा अरबीतून आलाय आणि तिकडे त्या धातूचा अर्थच मुळी आखूड असणं, कमी पडणं असा आहे, म्हणजे लॅटिनवाल्यांनी जो विचार केला तोच अरबांनी केला. 'कर्तव्यात कसूर केली' हे 'डिलिंक्वन्ट इन हिज ड्यूटीज'चं इतकं नेमकं मराठी आहे की तिथे दुसरा शब्द शोधायचीच गरज नाही.

मग हे बालगुन्हेगारीचं प्रकरण कुठून आलं? शब्द मुलांना चिकटला तो बराच उशिरा. त्याआधी इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४० च्या दशकात, पार्लमेंटने राजाच्या बाजूने लढलेल्या जमीनदारांना 'डिलिंक्वन्ट' म्हटलेलं. चांगले दाढीमिशावाले सरदार लोक, त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६४३ पासून त्यासाठी एक कमिटीच होती, दंड भरा, जमीन परत घ्या. तिथे अर्थ होता निष्ठेत कसूर केलेला. बाल वगैरे काही नाही.

मुलांचा संबंध पक्का झाला तो अमेरिकेत. १८९९ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला आणि शिकागोत मुलांसाठी पहिलं वेगळं कोर्ट सुरू झालं. त्या कायद्याच्या नावातच तीन प्रकारची मुलं आहेत, निराधार, दुर्लक्षित आणि डिलिंक्वन्ट. हेतू चांगला होता, मुलाला 'क्रिमिनल' म्हणायचं नाही, मोठ्यांच्या तुरुंगात टाकायचं नाही, म्हणून सौम्य शब्द निवडला. म्हणजे आज आपण ज्या शब्दाचं भाषांतर 'गुन्हेगारी' करतो तो शब्द निवडलाच होता गुन्हेगार म्हणायला नको म्हणून! पुढच्या काही वर्षांत व्याख्या फुगत गेली, रात्री कारण नसताना रस्त्यावर भटकणं, रेल्वे यार्डात हिंडणं, घाणेरडं बोलणं, हे सगळं तिच्यात शिरलं. शाळा बुडवणं, घरातून पळून जाणं, आईबापाचं न ऐकणं, मोठ्या माणसाने केलं तर कुणी विचारणार नाही पण वय कमी म्हणून दोष, अशा गोष्टींना तिकडे 'स्टेटस ऑफेन्स' म्हणतात. नंतर बऱ्याच ठिकाणी हे प्रकार डिलिंक्वन्सीतून वेगळे काढले, पण जुन्या रिपोर्टमध्ये ते एकत्रच सापडतात, त्यामुळे साल बघितल्याशिवाय भाषांतर करू नका.

इथे एक केस सांगायलाच हवी कारण शब्द सौम्य ठेवला की वागणूकही सौम्य होते असं नाही. १९६४ मध्ये ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट नावाच्या १५ वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोन करून अश्लील बोलल्याचा आरोप आला. मोठ्या माणसाने हेच केलं असतं तर शिक्षा होती ५ ते ५० डॉलर दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद. या मुलाला 'डिलिंक्वन्ट' ठरवून वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवायचा हुकूम झाला, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, वकील नाही, तक्रार करणारी बाई कोर्टात आलीसुद्धा नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे उलटवलं आणि सांगितलं की मुलालाही वकिलाचा आणि आरोप काय आहे ते आधी कळण्याचा हक्क आहे. यानंतरही तिकडची भाषा मात्र वेगळीच राहिली, मुलाला 'कन्व्हिक्टेड' म्हणत नाहीत, 'ॲडज्युडिकेटेड डिलिंक्वन्ट' म्हणतात, शिक्षेला 'सेन्टेन्स' न म्हणता 'डिस्पोझिशन', म्हणजे मुलाचं पुढे काय करायचं त्याचा आदेश. भाषांतरात 'दोषी ठरवून शिक्षा सुनावली' असं लिहिलंत तर वाक्य छान वाटेल पण अर्थ बदलेल.

त्याच भागातला अजून एक वाक्प्रचार सारखा येतो, 'काँट्रिब्युटिंग टू द डिलिंक्वन्सी ऑफ अ मायनर'. यात आरोपी मूल नसतो, मोठा माणूस असतो, ज्याने अल्पवयीन मुलाला दारू आणून दिली, चोरीत सामील करून घेतलं, शाळा बुडवायला मदत केली वगैरे. मी हे 'अल्पवयीन मुलाला वाममार्गाला लावणे' असं करते, वाममार्ग हा शब्द जरा कीर्तनातला वाटतो पण इथे बसतो.

आणि आता खुद्द जाणकार मंडळीच हा शब्द मुलांसाठी टाळायला लागलीयेत. संयुक्त राष्ट्रांची १९९० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, रियाध गाइडलाइन्स म्हणतात त्यांना, त्यांच्या शीर्षकात 'जुव्हेनाइल डिलिंक्वन्सी' आहे आणि आत असं म्हटलंय की एखाद्या मुलावर 'डिलिंक्वन्ट' असा शिक्का मारल्याने बऱ्याचदा तेच वागणं पक्कं व्हायला हातभार लागतो. आपल्या कायद्यातही हा प्रवास दिसतो, १९८६ च्या कायद्यात 'डिलिंक्वन्ट जुव्हेनाइल' होता, २००० च्या कायद्यात त्याचा 'जुव्हेनाइल इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ' झाला आणि २०१५ च्या कायद्यात 'चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ'. मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असं वाचलं असेल तुम्ही पेपरात. शब्द जीभ वाकडी करणारा आहे, आणि खरं सांगू, पहिल्यांदा तो वाचणाऱ्या आईला काहीही कळत नाही, पण कागदावर तोच लिहावा लागतो, बोलताना मी 'कायद्याच्या कचाट्यात आलेला मुलगा' म्हणते.

मध्यंतरी एका समुपदेशकाचा रिपोर्ट माझ्याकडे आला होता, 'डिलिंक्वन्ट बिहेविअर नोटेड' आणि खाली तीन ओळी, दोन दिवस वर्गात आला नाही, वहीवर वडिलांची सही स्वतःच केली, विचारल्यावर खोटं बोलला. हे 'गुन्हेगारी वर्तन' लिहिलं असतं तर तो कागद त्या मुलाच्या फाइलमध्ये कायमचा राहिला असता. मी 'बेशिस्त वर्तन आढळले' लिहिलं, आणि त्या तीन ओळी जशाच्या तशा ठेवल्या, वाचणाऱ्याने ठरवावं. सगळ्यांना पटेल असं नाही, मला एका सहकाऱ्याने तेव्हाच विचारलं होतं की तू सौम्य करतेयस का. मी म्हटलं सौम्य नाही, मूळ शब्द जेवढा वजनाचा आहे तेवढाच ठेवतेय.

आता तुमचा मेल. कर्जाच्या जगात डिलिंक्वन्सी म्हणजे देय तारीख उलटून गेली आणि पैसे आलेले नाहीत, बास. मराठीत 'खाते थकीत आहे'. (थकीत हा शब्द मला फार आवडतो, माणूस थकतो तसा हप्ताही थकतो.) तारीख ५ होती, तुम्ही ९ ला भरलेत तर चार दिवस ते खातं डिलिंक्वन्ट होतं, भरल्यावर पुन्हा नियमित झालं. यात फौजदारी काही नाही, पोलीस नाही, कोणी चोर म्हणत नाहीये.

पण इथे तीन शब्द लोक एकमेकांत घोळतात. 'अरिअर्स' म्हणजे थकलेली रक्कम, थकबाकी. 'डिलिंक्वन्सी' म्हणजे थकलेलं असण्याची अवस्था, जी दिवसांत मोजतात, 'डेज पास्ट ड्यू' म्हणून, आणि मग ३०, ६०, ९० दिवसांच्या कप्प्यांत टाकतात, धंद्यातले लोक त्याला बकेट म्हणतात, 'हे खातं तीसच्या बकेटमधून साठमध्ये गेलं' अशी भाषा असते. आणि 'डिफॉल्ट' म्हणजे ही अवस्था इतकी लांबली की करारच मोडला असं धरलं. हे अंतर किती, ते कर्जाच्या प्रकारावर आणि करारावर असतं. बँकांच्या हिशोबात ९० दिवस ही जगभर चालणारी रेघ आहे, आपल्याकडेही साधारण तिथेच खातं एनपीए, म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारं कर्ज, होतं. उलट अमेरिकेतल्या सरकारी शैक्षणिक कर्जात तारीख चुकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डिलिंक्वन्सी सुरू होते पण डिफॉल्ट मात्र २७० दिवसांनी. म्हणजे एक माणूस नऊ महिने डिलिंक्वन्ट असू शकतो आणि तरी डिफॉल्टर नसतो. मराठीत दोघांनाही 'थकबाकीदार' म्हणून मोकळं होतात, बोलण्यात चालेल, पण करारात 'थकीत' आणि 'कसूर' वेगळे ठेवावे लागतात, कायद्याच्या मराठीत डिफॉल्टला कसूर म्हणायची पद्धत आहे. हो, मीच वर कसूर म्हणजे डिलिंक्वन्सी म्हटलं, ते नोकरीच्या संदर्भात, पैशाच्या संदर्भात नाही. आणि 'बुडीत' किंवा 'कर्जबुडव्या' तर अजिबात नको, त्यात हेतू आला, डिलिंक्वन्सीला हेतूशी देणंघेणं नाही. ऑटो डेबिट फेल झालं तरी डिलिंक्वन्सी, मुद्दाम भरलं नाही तरी डिलिंक्वन्सी.

पेपरात 'डिलिंक्वन्सी रेट वाढला' असं वाचाल तेव्हा एक गोष्ट बघा. समजा हजार खात्यांपैकी चाळीस थकली, रेट झाला ४ टक्के. पण बऱ्याचदा खाती मोजत नाहीत, रक्कम मोजतात, आणि रक्कम म्हणजे नुसता थकलेला हप्ता नाही, त्या खात्यावरचं सगळं शिल्लक कर्ज. ती चाळीस खाती मोठ्या कर्जाची असतील तर तोच आकडा १० टक्केही दिसू शकतो. शिवाय ३० दिवसांच्या वरची धरली की ९० च्या वरची, हे न सांगता दिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. कर्जांचे अहवाल मराठीत करताना मी 'थकीत कर्जांचे प्रमाण' लिहिते आणि दिवस नसतील तर लिहिणाऱ्याला फोन करून विचारते.

नोकरीतला वापर पटकन सांगते. कर्मचाऱ्याच्या विभागीय चौकशीच्या कागदात 'द डिलिंक्वन्ट' असं नुसतं नाम येतं, मराठीत त्याला 'अपचारी' म्हणतात, अपचारी कर्मचारी. घोळ असा आहे की इंग्रजीत हा शब्द चौकशी चालू असतानाच वापरतात, दोष सिद्ध व्हायच्या आधी. म्हणून 'दोषी कर्मचारी' लिहिणं ही गंभीर चूक आहे, ज्याची चौकशी चाललीय तो, एवढाच अर्थ. अपचारी शब्द ज्याला अवघड वाटेल त्याने 'चौकशीखालील कर्मचारी' लिहावं.

रोजच्या बोलण्यात? इंग्रजी बोलणारे लोकसुद्धा हा शब्द चहा पिताना वापरत नाहीत, जड आहे, कागदी आहे. थट्टेत मात्र येतो. 'आय हॅव बीन डिलिंक्वन्ट इन रिप्लाइंग टू यू' असं कोणी लिहिलं तर घाबरू नका, तो फक्त म्हणतोय उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. आणि टवाळ पोरांच्या घोळक्याकडे बघून एखादी आजी 'डिलिंक्वन्ट्स!' म्हणाली तर ते आपलं 'वाह्यात कार्टी' समजायचं. मराठी बोलताना बँकवाले सोडले तर हा शब्द मी कुणाच्या तोंडून सहज आलेला ऐकला नाही, त्यामुळे तुम्हीही ओढूनताणून आणू नका.

उच्चार डिलिंक्वन्सी, जोर 'लिं'वर. लोक डेलिक्वेन्सी, डेलिकन्सी काहीही म्हणतात. त्यातच केमिस्ट्रीतला 'डेलिक्वेसन्स' मिसळतो, तो वेगळा, कॅल्शियम क्लोराइडसारखा पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळतो त्याला म्हणतात. एका प्रश्नपत्रिकेच्या कच्च्या भाषांतरात मी 'क्षाराची गुन्हेगारी' असं वाचलंय, शपथ घेऊन सांगते.

तुमच्या मेलमध्ये आता एवढंच शोधा, देय तारीख कोणती धरलीय, किती दिवस लिहिलेत आणि कुठे 'डिफॉल्ट' किंवा 'ॲक्सिलरेशन' शब्द आहे का. ॲक्सिलरेशन म्हणजे उरलेलं सगळं कर्ज एकदम मागणं. हे दोन्ही शब्द नसतील तर तुमचा एखादा हप्ता थकलाय इतकंच, आणि पैसे भरले असतील तर पावतीचा नंबर टाकून उलट लिहून कळवा. मात्र मेलमधल्या लिंकवर जाऊन पैसे भरू नका, खातं स्वतः उघडून बघा, कारण हाच शब्द वापरून लोकांना घाबरवणारे खोटे मेलही भरपूर येतात.